तळ्यातली काळी पिल्लं

जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइममध्ये हे घर भाड्याने घेतलं तेव्हा मागच्या तळ्याची देखभाल आमच्याकडे असेल, असं मीटफरट्रागमध्येच, म्हणजे भाडेकरारातच, लिहिलेलं होतं. नवरा खूश झाला. मला आधी डास आठवले.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही पाच गोल्डफिश आणले. दुकानदाराने बजावलं होतं, "पिशवी अर्धा तास तळ्यात तरंगू द्या. आतलं पाणी बाहेरच्याइतकं गार झालं की मगच मासे सोडा." आम्ही तसंच केलं. हिवाळ्यात तळ्यावर बर्फ धरला आणि मासे तळाशी निपचित पडून राहिले. मला वाटलं, संपलं. पण मार्चमध्ये पाचही वर आले.

जूनमध्ये सासरे आले. भंडारा जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. तलावांच्या मुलखातला माणूस, पण मासा ताटाबाहेर कधी निरखला नव्हता म्हणाले. सकाळचा चहा ते तळ्याकाठी घ्यायला लागले. एकदा मी ऑफिसला निघत होते, तर त्यांनी मला हाताला धरून नेलं.

"अगं, हे कोण?"

शेवाळाच्या आडोशाला नखाएवढी काळपट पिल्लं वळवळत होती.

"बाबा, आपण तर केशरीच आणले होते."

शेजारच्या आजी कुंपणावरून म्हणाल्या, बदकांच्या पायांना माशांची अंडी चिकटून येतात, गेनाऊ, अगदी तसंच झालं असणार. मी भाषांतर करून सांगितलं. सासरे विचारात पडले. "येतीलही. पण बदक उतरताना पाहिलं कोणी?"

त्यांनी चार पिल्लं तळ्याच्याच पाण्यासह एका टबात ठेवली आणि वहीत रोज त्यांची लांबी लिहायला घेतली. तिसऱ्या दिवशी ऊन तापलं आणि दोन पिल्लं उलटी तरंगली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "माझ्या हौसेपायी गेली बिचारी," एवढंच बोलले. उरलेली दोन त्यांनी तळ्यात सोडली, आणि त्यानंतर नुसतं बघत बसले. मोठे मासे पिल्लांच्या मागे लागतात, पिल्लं दाट शेवाळात घुसतात, ढग आला की सगळीच खाली जातात. संध्याकाळी मी परतले की दिवसभराचं सगळं मला ऐकायला मिळायचं. एवढे गप्पिष्ट ते मला लग्नानंतर पहिल्यांदाच दिसले.

ऑगस्टअखेर, ते परत जायच्या आदल्या सकाळी, मागून जोरात हाक आली. "लवकर ये! मोबाइल आण!"

बोटभर लांबीचं एक काळं पिल्लू काठाशी वळलं, आणि त्याचं पोट केशरी होतं. पाठ अजून काळी, पोटाकडून रंग वर चढत होता.

"आपलीच आहेत गं! लहानपणी काळी असतात, मग रंग येतो!"

माझी वाट न बघता ते कुंपणाशी गेले. जर्मनचा एक शब्द येत नव्हता. आधी पिल्लाकडे बोट, मग मोठ्या माशाकडे, मग स्वतःच्या पोटावरून वर छातीपर्यंत हात फिरवला. आजी क्षणभर बघत राहिल्या, मग चष्मा लावून फाटक उघडून आमच्याकडे आल्या आणि दोघं तळ्यावर वाकली.

आता दर रविवारी व्हिडिओ कॉल आला की मी फोन पाण्यावर धरते. अकरा पिल्लं केशरी झाली. एक अजून काळंच आहे.

"त्याचं काय गं?" ते विचारतात.

"माहीत नाही, बाबा. बघू."

"हो, बघत राहा."