बॅनरवर बत्तीस तोंडं, राणी कोपऱ्यात

आता तरी मान बे गज्या, माझी बहीण राणी खेळते ते कुस्ती नव्हे अन् कराटेही नव्हे. जुजित्सू आहे, जपानी झटापटीचा खेळ. दोन वर्षं झाली तुले सांगून राह्यलो.

आज दुपारी इथं सुरतले मशीनवर होतो. मैदानावरून बहिणीचा फोन, "दादा, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ब्राँझ भेटलं!" मी असा ओरडलो का शेठ धावत आला. त्याले वाटलं, माझा हात मशीनमध्ये गेला.

तासाभरात गज्यानं आमच्या जानेफळ गावच्या ग्रुपवर अभिनंदनाचा बॅनर टाकला. शुभेच्छुक बत्तीस, गॉगलसकट. राणी कुठं आहे ते शोधावं लागलं. कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी!

"तुयाबी फोटो टाकतो, पाचशे पाठव," गज्या म्हणे.

राणीले विचारलं, तर म्हणते, "बॅनर नको दादा. मी गावातल्या पोरीइले शिकवतो ना, त्या शाळेच्या ओट्यावर गोधडी टाकून पडायचा सराव करतात. मागच्या महिन्यात एकीचा खांदा निखळला. मॅट पाह्यजे."

मंडळी, तुमच्याही गावात बॅनरवर जिंकणारा असाच शोधावा लागते काय?

गज्या, बॅनर छापू नको. बत्तीसही जण आपापले पाचशे मॅटसाठी द्या. माझा फोटो नको, माझे घे: तीन हजार रुपये.