उपाशी गाडी

कुठलीही गाडी उभी दिसली की ते चालता चालता थांबायचे. पँट गुडघ्यापाशी चिमटीत धरून किंचित वर ओढायचे, उकिडवे बसायचे आणि चाक व मडगार्ड यांच्यामधल्या फटीत दोन बोटं घालून बघायचे. बोटं आत मोकळी खेळली तर उठताना म्हणायचे, "उपाशी आहे बिचारी." फट बोटांना जेमतेम पुरली तर चेहरा खुलायचा. "ही जेवलेली!"

गाडी कोणाची आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. एकदा एका बड्या अधिकाऱ्याच्या अँबॅसिडरपाशी असेच बसले होते. ड्रायव्हर धावत आला. "ओ, काय हरवलंय तुमचं?"

"माझं नाही, गाडीचं," ते म्हणाले. "चाक. आत कुठं तरी हरवलंय."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. जेवायला बसला तरी ताटाच्या कडा निरखणारा. आमचे हे गृहस्थ सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते आणि मी तिथेच स्टोअरमध्ये. दोघंही नाशिक रोडला राहायचो, त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये रोजची सोबत. त्यांची इस्त्री कधी मोडलेली मी पाहिली नाही. लग्न केलेलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर "माप जमलं नाही" एवढंच सांगत. विचारणाराच ओशाळत असे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या पारशी बाबांकडून दोन दारांची जुनी हेराल्ड मोटार घेतली आणि घरामागच्या शेडमध्ये ठेवली. त्याच कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानात त्यांना एक विलायती मासिक मिळालं होतं. त्यात शर्यतीच्या एका गाडीचा फोटो होता. तिची मडगार्डं चारी बाजूंनी बाहेर फुगवलेली आणि त्यांच्याखाली रुंद चाकं काठोकाठ बसलेली. तो फोटो त्यांनी मला बसमध्ये इतक्या वेळा दाखवला की ती गाडी मला आमच्याच गल्लीतली वाटू लागली. हेराल्डची तशी गाडी करायची, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

"लोक काय करतात, आधी पत्रा फुगवतात आणि मग चाकं शोधत फिरतात," ते सांगायचे. "मग गाडीला गालगुंड झाल्यासारखं दिसतं. आधी चाक ठरलं पाहिजे. मडगार्ड काय, चाकाच्या मागून येतं."

आणि चाक काही ठरेना. त्या काळात बाजारात मिळून मिळून मिळणार काय? जीपची चाकं पाहिली, तर त्यांना पाच बोल्ट आणि हेराल्डला चार. शेवटी त्यांनी प्लायवूडची चाकं केली, तीन वेगवेगळ्या रुंदीची. रविवारी सकाळी एकेक जोडी गाडीला लावायची, शेडच्या दारात खुर्ची टाकून चहा पीत तासभर बघत बसायचं, मग ती काढून दुसरी. मला बोलावून विचारायचे, "हे फार होतं का रे?" मला तिन्ही सारखीच दिसायची. मी मधल्याकडे बोट दाखवायचो. ते मान हलवायचे आणि सगळ्यांत रुंद जोडी पुन्हा लावायचे.

एका सहकाऱ्याच्या लग्नाला आम्ही देवळ्याला गेलो होतो. पंगत मांडली गेली तरी यांचा पत्ता नाही. शोधत बाहेर आलो तर हे कांद्याच्या एका बैलगाडीच्या चाकाशी बसलेले. गाडीला चांगले हातभर रुंद वाटावेत असे टायर होते. गाडीवाल्याला वाटलं, बैलांचं गिऱ्हाईक आलं.

"इमानना टायर शे हाऊ," तो म्हणाला. "ओझर तथून लिलावमा लिधा. फुटस नही."

"रुंदी झकास आहे," हे म्हणाले. "पण वळणावर कसा चालतो?"

गाडीवाल्यानं बैलांकडे पाहिलं. "बैल वळना का गाडी बी वळस."

परतीच्या एसटीत ते हसत होते आणि मधूनच गंभीर होत होते. "विमानाचा टायर सरळ धावायला केलेला असतो. आपल्याला वळायचंय," असं मला समजावत होते, जणू मीच तो घ्या म्हणून हट्ट धरला होता.

अखेर हेराल्डचेच रिम उभे कापून मध्ये पोलादी पट्टी घालायची आणि रुंद करायचे, असं ठरलं. नाशिकच्या द्वारका चौकापाशी एक म्हातारा वेल्डर होता. तो आधी उडवूनच लावायचा. "साहब, ये रिम है, रोटी नहीं, कि बेलके चौड़ी कर दूँ!" पण यांनी चिकाटी सोडली नाही. पट्टी कुठं घालायची, चाक आत किती आणि बाहेर किती, बाहेर जास्त काढलं तर बेअरिंगवर भार कसा येतो, याची चार मोठी ड्रॉइंगं काढून नेली. म्हाताऱ्यानं ती भिंतीला टांगली आणि काम केलं. टायर मुंबईच्या जुन्या बाजारातून आले, एका परदेशी वकिलातीच्या गाडीवरून उतरलेले. मग त्या चाकांच्या मापानं मडगार्डं ठोकून झाली. या सगळ्यात दोनेक वर्षं गेली असतील.

आता मला त्यांच्या घराबद्दल सांगायला हवं. जेल रोडच्या मागे वडिलांचा एक प्लॉट होता. वडील गेल्यावर तो दोघा भावांत वाटला गेला. पुढचा भाग धाकट्याला, मागचा यांना, आणि मागे जायला धाकट्याच्या भिंतीला लागून एक बोळ. वाटणीचा नकाशा यांनीच काढला होता. धाकटा भाऊ नाशिक रोडच्या छापखान्यात होता. स्वभावानं वाईट नव्हता, पण कानाचा हलका. त्याच्या सासऱ्यांनी कुजबुज केली की नकाशा काढणारा आपल्या बाजूला चार बोटं ओढणारच. झालं! धाकट्यानं बाहेरचा मोजणीवाला आणून प्लॉट पुन्हा मोजून घेतला. माप तंतोतंत बरोबर निघालं. त्या दिवसापासून हे धाकट्याशी बोलले नाहीत. सबंध वाटणीत त्यांनी कशाचंच वाईट वाटून घेतलं नव्हतं. "माझं माप त्यानं परत मोजलं," एवढंच ते म्हणायचे आणि विषय बदलायचे.

नंतर धाकट्यानं स्वयंपाकघराच्या दाराला बोळात दोन पायऱ्या बांधल्या, शहाबादी फरशीच्या. त्या हे रोज बघत होते, वळसा घालून जात होते. पण गाडीची रुंदी ठरवताना बोळाचं माप त्यांनी स्वतःच्या नकाशावरून घेतलं. तिथं टेप लावला नाही. आपणच काढलेलं माप पुन्हा मोजायचं म्हणजे मोजणीवाल्याच्या रांगेत जाऊन बसायचं! शिवाय टेपचं दुसरं टोक भावाच्या भिंतीला टेकवावं लागलं असतं. नकाशात पायऱ्या नव्हत्या, म्हणून हिशेबातही नव्हत्या. एका मिलिमीटरसाठी कारखान्यात लोकांना तीनतीनदा परत पाठवणारा हा माणूस.

गाडी बाहेर काढायच्या दिवशी मी होतो. रुंद चाकांवर ती अशी बसली होती की मलासुद्धा त्या फोटोचं मर्म कळलं. इंजिन सुरू न करता आम्ही दोघांनी हळूहळू ढकलत आणली. धाकटा ड्यूटीवर होता. त्याची बायको दारात तांदूळ निवडत होती, ती एकदम ओरडली, "दादा, थांबा! लागतंय!"

पुढचं चाक खालच्या पायरीला टेकलं होतं. पत्रा पायरीच्या वरून सहज जात होता, अडत होतं ते फक्त चाक. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

"मी ह्यांना सांगते, दादा," ती म्हणाली. "कोपरा उडवायला कितीसा वेळ लागतो?"

"नाही. तू मध्ये पडू नकोस. आणि घरात हे बोलायचंही नाही," ते इतक्या शांतपणे म्हणाले की तिनं ताट उचललं आणि आत गेली.

मी सुचवलं, जुनी बारीक चाकं लावून गाडी बाहेर काढू आणि रस्त्यावर रुंद चाकं चढवू.

"आणि परत यायचं कसं? गाडीला बाहेर जाता आलं म्हणजे झालं का? घरीही यावं लागतं तिला."

मग त्यांनी जे केलं ते मला आजही आवडत नाही. रुंद चाकं काढून शेडमध्ये पोत्याखाली ठेवली आणि हेराल्डची मूळची बारीक चाकं लावली. फुगलेल्या मडगार्डांखाली ती सायकलीची वाटत होती. तशीच गाडी ते फिरवू लागले. एकदा ती कारखान्यात नेली, तर फाटकात कोणी तरी त्यांचेच शब्द त्यांना परत केले, "साहेब, गाडीला गालगुंड झालं काय?" तेही हसले. पण त्यानंतर रस्त्यात कोणत्याही गाडीपाशी ते बसेनात. बसमध्ये माझ्याशेजारी ताठ बसून असायचे. मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी धाकट्यानं मला स्टेशनबाहेर गाठलं. एरवी आमची मान हलवण्यापुरतीच ओळख.

"तुम्ही त्यांचे मित्र ना? मग सांगा त्यांना. एवढी रुंद गाडी केली आणि चाकं अशी का लावली? छापखान्यात लोक मला विचारतात. हसतात लोक."

"तुम्हाला काय त्याचं?"

"भाऊ आहे माझा!" तो जवळजवळ ओरडलाच. मग आवाज उतरवून म्हणाला, "पैसे कमी पडले का?"

"चाकं तयार आहेत. शेडमध्ये पडलीत. तुमच्या पायऱ्यांना लागतात म्हणून काढली."

"मग मला सांगायचं तरी."

"तुमच्याशी ते बोलतात का?"

तो सायकल हातात धरून चालत गेला. सायकल असताना चालत गेला, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे निघालो होतो आणि हे भाजीची पिशवी घेऊन बाजारातून येत होते. बोळाच्या तोंडाशी आलो तर आतून घणाचे आवाज. धाकटा बनियनवर पायऱ्या फोडत होता. कोपरा नाही, दोन्ही पायऱ्या, मुळापासून. त्याची बायको तुकडे घमेल्यात भरत होती. आम्हाला पाहून कोणी थांबलं नाही. यांनी पिशवी माझ्या हातात दिली, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि भरलेलं घमेलं उचलून बाहेर नेऊन टाकलं. तासभर तेच चाललं.

दुपारी चाकं चढली. गाडी सुरू झाली, बोळातून आली आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर थांबली. यांनी आतून हात लांबवून डावीकडचं दार उघडलं आणि समोर बघत बसून राहिले. इंजिन चालूच. धाकटा दारातून हे पाहत होता. आत जाऊन शर्ट घालून आला, उंच उंबऱ्यावरून उडी टाकली आणि गाडीत बसला.

संध्याकाळी दोघं घोटीपर्यंत जाऊन आले. सोमवारी बसमध्ये मला राहवेना. "काय बोललात?"

"जाताना काही नाही."

"आणि येताना?"

"येताना तो म्हणाला, दादा, तुझं माप बरोबर होतं." एवढं सांगून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि सातपूर येईपर्यंत वळवलं नाही.

त्यानंतर चारपाच वर्षं ती गाडी त्या बोळातून येत-जात राहिली. भावांचं बोलणं फार वाढलं असं नाही, पण रविवारी डावीकडचं दार उघडलं जायचं. मग एका हिवाळ्यात ते छातीत कळ येऊन गेले. निवृत्तीला थोडाच अवकाश होता. गाडी पुण्याचा कोणी तरी घेऊन गेला. ती बोळातून निघाली तेव्हा धाकटा तिच्यापुढे उलटा चालत, हातानं खुणा करत रस्त्यापर्यंत आला.

मध्यंतरी मी त्या बाजूला गेलो होतो. मागच्या शेडला कुलूप होतं. धाकट्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. खाली एक खोकं पालथं घातलेलं.

"माझे गुडघे गेले, भाऊजी," ती म्हणाली. "गाडी गेली, दादा गेले, आता तरी पायऱ्या बांधा म्हणते. ह्यांना ऐकूच येत नाही. खोकंसुद्धा रोज रात्री उचलून आत ठेवतात. वाट अडते म्हणतात."

आमचा आवाज ऐकून धाकटा बाहेर आला. केस पार पांढरे झाले होते. त्यानं ते खोकं पायानं बाजूला सारलं, चौकट दोन्ही हातांनी धरली, एक पाय खाली सोडून जमीन चाचपली आणि उतरला. मग मला आत बोलावत म्हणाला, "या. जरा जपून चढा, इथं पायरी नाही."