माथ्यावरचं टाकं

इंडोनेशियातल्या त्या ज्वालामुखीच्या काठावर पोचलो तेव्हा पहाट धुक्यात विरघळत होती. खालच्या विवरातून धूर इतका सावकाश वर येत होता, की डोंगर झोपेत श्वास घेतोय असं वाटावं. आणि मी काय करत होतो? जन्मभर सह्याद्रीतले गड चढल्याची सवय. पाठीवरची सॅक उतरवली आणि पाण्याचं टाकं शोधायला लागलो! कातळात खोदलेलं, गारेगार पाण्याचं.

"काय हरवलं?" म्हाताऱ्या वाटाड्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. त्याचं घर याच डोंगराच्या पायथ्याशी होतं.

"पाणी शोधतोय. आमच्याकडे माथ्यावर टाकं असतं. आमचा डोंगरही असाच, लाव्हाचा."

"मग तो निवला?"

"केव्हाच."

खाली वाकून त्यानं काळ्या खडकावर तळवा ठेवला, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मीही ठेवला. खडक कोमट होता. रंग आमच्या कातळाचा, खरखरही तीच. फक्त आत कुणीतरी जागं होतं.

परवा आमच्या गडावर टाक्याशी ओणवा होऊन पाणी पीत होतो. एक तळवा सहज कातळावर टेकला. गार लागला.

"उतरला रे ताप," मी पुटपुटलो. आणि एकदम त्या धुराखालचं म्हाताऱ्याचं घर डोळ्यांपुढे आलं. दुसऱ्या तळव्यातलं पाणी तसंच राहिलं.