मंडळापुढचं उत्तर

मला एका जागी बसवत नाही. शाळेत मुली म्हणायच्या, आमच्या बाईंच्या पायाला भिंगरी आहे. अशा बाईला सरकारने जेलच्या मंडळावर नेमावं, जिथे बसण्यावाचून दुसरं काम नाही, ही नेमणाऱ्याची थट्टाच म्हणायची. पन्नासनंतरची ती वर्षं. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. लांब शिक्षेच्या कैद्यांचे कागद तपासणाऱ्या मंडळावर सरकारबाहेरचंही कुणीतरी असावं असं ठरलं, आणि मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून माझं नाव पुढे आलं. मीही उड्या मारत हो म्हटलं.

मंडळ सहा महिन्यांनी बसायचं. जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर अध्यक्ष, मग जेलचे सुपरिंटेंडंट, सरकारी डॉक्टर आणि शेवटच्या खुर्चीवर मी. प्रत्येक कैद्याबद्दल दोनच गोष्टी ठरवायच्या. ह्याला भिंतीच्या आतच ठेवायचं की बाहेरच्या टोळीत, म्हणजे जेलच्या भाजीच्या मळ्यात, कामाला सोडायचं. आणि ह्याची उरलेली शिक्षा माफ करा म्हणून नागपूरला कागद पाठवायचा की नाही. कागद गेला की दोन-तीन महिन्यांत माणूस घरी, नाही गेला तर पुन्हा सहा महिने वाट.

पहिल्या बैठकीला श्रावण चालू होता. खोलीत कोंदट झालं होतं आणि मी खुर्चीत सारखी चुळबुळत होते. सहावा की सातवा आला तो धानोऱ्याकडच्या जंगलातला गोंड. बारीक अंगाचा, कानांवरचे केस पिकलेले. शेतातल्या झोपडीत बायकोचा हात धरणाऱ्या एका माणसाला त्याने कुऱ्हाडीने मारलं होतं आणि तीच कुऱ्हाड घेऊन स्वतः ठाण्यात चालत गेला होता. चौदा वर्षं नागपूरच्या मोठ्या जेलात काढून, सुटका जवळ आली म्हणून त्याला आपल्या जिल्ह्यात आणलं होतं. जेलच्या तिकिटावर, म्हणजे वागणुकीच्या नोंदीत, एकही डाग नाही. बांबूच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

डेप्युटी कमिशनर साहेबांनी सगळ्यांना विचारायचा प्रश्न त्यालाही विचारला. "सोडलं तर पुन्हा असं करशील का?"

बाकीचे सगळे "नाही हुजूर" म्हणून कान धरून मोकळे झाले होते. हा विचार करत राहिला. मग म्हणाला, "कसं सांगू, साहेब? त्या दिवशी सकाळीबी मले ठाव नोहतं."

साहेबांनी लेखणी टेकवली. पश्चात्ताप नाही, सुटकेस अयोग्य, भिंतीच्या आतच ठेवावा. माझा जीव नुसता तडफडला. इतक्या जणांत एकच माणूस खरं बोलला होता आणि तेवढाच आत राहिला. मी तसं बोलूनही दाखवलं. साहेब सौम्य माणूस होते. म्हणाले, "बाई, खरं असेल. पण त्याच्या ह्या उत्तरावर मी सही कशी करू?" तो प्रश्न डोक्यात घेऊन मी घरी आले आणि रात्रभर खोलीत फेऱ्या घातल्या.

त्याचं गाव त्याला परत घेईल का, ही चौकशी तहसिलीकडे गेली होती. दसरा झाला तरी कागद परत येईना. मग दिवाळीच्या सुट्टीत मीच निघाले. मोटारीने वैनगंगेपर्यंत, डोंग्याने पलीकडे, गडचिरोलीत एका शिक्षिकेकडे मुक्काम आणि पुढे दिवसभर बंडी. बैलांपेक्षा मीच जास्त धापा टाकत होते. दर नाल्याला उतरून पुढे चालायला लागायचे, तेव्हा गाडीवान म्हणाला, "बाई, तुम्ही बंडी कायले केली?"

गावाने मला चटईवर बसवलं आणि मोहाच्या झाडाखाली सगळे जमले. मेलेल्या माणसाचा भाऊसुद्धा तिथे होता. त्यानेच आधी तोंड उघडलं. "येऊ द्या त्याले. रीतीनं थो गावाले जेवन देईन अन् बसन आमच्यात. मारलं तं मारलं म्हनून सांगतलं त्यानं. लपला नाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

कैद्याची बायको मात्र मला बाजूला घेऊन गेली. तो ठाण्यात गेला तेव्हा ती पोटुशी होती. झालेली मुलगी आता पंधराची, अंगणात धान पाखडत होती. बापाने तिला कधी पाहिलेलं नाही. त्यांच्या रीतीप्रमाणे होणारा जावई दोन वर्षं त्यांच्याच घरी राबत होता आणि त्याची ठरलेली मुदत चैतात पुरी होत होती.

"पोरगं राबलं आमच्याइथी," ती म्हणाली. "आता पोरगी द्याच लागन. मग थो आपल्या गावाले नेईन तिले, इंद्रावतीकडं. बापानं एकडाव घरात पाह्यली असती तिले. एवढंच."

एवढंच. परतीच्या वाटेवर मी बोटांवर मोजत होते. मंडळ माघात बसणार. माघात कागद गेला आणि मी नागपूरला चार पत्रं खरडली, तर चैतापर्यंत तो घरी. माघ चुकला तर पुढची बैठक थेट श्रावणात. लग्नापुरता सोडता येईल का म्हणून सुपरिंटेंडंटना विचारलं. ते हसले. म्हणाले, "बाई, हे जेल आहे. इथे मधली सुट्टी नसते."

मंडळाच्या माणसाला जेलात केव्हाही फिरता यायचं. मी बांबूच्या शेडमध्ये जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो सुपाच्या कामट्या सोलत होता. मुलीचं सांगताना त्याचा हात थांबला. कशी दिसते, त्याने विचारलं. उंच आहे, कामाला चपळ आहे, एवढंच मला सांगता आलं. आम्ही शिक्षक लोक शेकडो चेहरे बघतो आणि एकही नीट बघत नाही. त्याने ते चार शब्द दोनदा माझ्याकडून वदवून घेतले.

मग मी मुद्द्यावर आले. "माघात साहेब पुन्हा तोच प्रश्न विचारतील. तू म्हणायचं, नाही करणार. दोन शब्द. पुढे-मागे काही नाही."

"तुम्ही म्हनता तसं म्हनीन," तो म्हणाला. मी खुशीत घरी आले. एखाद्या ढ मुलीचं गणित सुटावं तसं मला वाटलं. खोटं बोलणाऱ्या मुलीला मी शाळेत दिवसभर बाकावर उभं करायचे, हे तेव्हा मनात आलंसुद्धा नाही.

माघातल्या त्या सकाळी मी जेलच्या दारात सर्वांच्या आधी हजर. गावाचं म्हणणं मी लिहून आणलं होतं, ते साहेबांनी वाचलं आणि चांगलं आहे म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. तो आत आला, जोहार केला. साहेबांनी प्रश्न विचारला.

तो ताठ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "नाई करनार. हे शाळेच्या बाईनं सांगतलं आहे."

साहेबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना हसू आवरेना. माझे कान तापले. साहेबांनी कागद बाजूला सारला आणि जेवढं हळू बोलता येईल तेवढं हळू बोलले, "बाई, इथून पुढे मंडळाआधी कैद्यांना भेटू नका." प्रकरण पुढच्या बैठकीवर. आणि पुढची बैठक श्रावणात.

बैठक संपली तशी मी तरातरा शेडकडे गेले. भेटू नका म्हटलेलं अजून कानातून खाली उतरलं नव्हतं, पण माझी जीभ माझ्या ताब्यात नव्हती. "माझं नाव कशाला घेतलंस? दोन शब्द सांगितले होते ना? आता बस इथेच!"

त्याने हातातली कामटी खाली ठेवली. मी रागावले कशाला, हेच त्याला उमगत नव्हतं.

"शब्द तुमचा होता, बाई," तो म्हणाला. "आमच्यात पंचापुढं दुसऱ्याचा शब्द बोलला तं ज्याचा त्याचं नाव घ्याच लागते. नाई घेतलं तं चोरी होते. अन् तुमचा शब्द मोठा. मले वाटलं, नाव घेतलं तं साहेब मानन."

त्याने मला मान दिला होता. माझा शब्द फुकटात वापरायला नको म्हणून त्याने माझं नाव घेतलं होतं आणि त्याच नावाने त्याचं दार लागलं. मी गेलेच नसते, बोललेच नसते, तर काय झालं असतं कोण जाणे. कदाचित पुन्हा तसंच खरं बोलून तो आतच राहिला असता. पण ते त्याचं झालं असतं. हे माझं होतं. मला फार लाज वाटली, आणि लाज वाटली की मी रागावते, म्हणून त्याच्यावरच आणखी एकदा ओरडून मी बाहेर पडले.

चैत आला. लग्नाचा नेमका दिवस मला ठाऊक नव्हता, त्यामुळे महिनाभर प्रत्येक दिवस तोच वाटायचा. वर्गात फळा अर्धा पुसून मी खिडकीशी जायचे. मुलींना विनाकारण बोलायचे. एका संध्याकाळी जेलवर गेले, पण दारातूनच परतले. कैद्यांना भेटू नये हा नियम मी पाळला तो ह्यामुळे की मला त्याच्यासमोर जायचा धीर नव्हता. सुपरिंटेंडंट बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "तुमचा माणूस ठीक आहे. कामट्या सोलतो. काही मागत नाही." ते ऐकून मला आणखीच बेचैन वाटलं. त्याने काही मागितलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर मी निदान भांडले असते.

पुन्हा श्रावण, पुन्हा तीच कोंदट खोली. त्या दिवशी मी जराही चुळबुळले नाही. मांडीवर हात गच्च धरून बसले होते. तो आला, जोहार केला, माझ्याकडे बघितलं नाही.

"पुन्हा असं करशील का?"

"नाही हुजूर," तो म्हणाला. आणि कान धरले.

न अडखळता, न थांबता, हुबेहूब बाकीच्यांसारखं. साहेबांनी समाधानाने लेखणी उचलली. चांगला फरक पडला, डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी तो बाहेरच्या टोळीत गेला आणि कागद नागपूरला. मी सही केली. सगळ्यांनी केली.

त्यानंतर तो मला मळ्यात दिसायचा. वांग्यांना पाणी घालायचा. कुंपण नाही, शिपाई झाडाखाली पेंगतोय, पलीकडे रान दिसतंय, आणि हा पाणी घालतोय. येता-जाता मी रस्त्यावरून बघायचे आणि पाय उचलून पुढे व्हायचे.

हुकूम कार्तिकात आला. मी मोटारस्टँडवर गेले. जायला नको, असं घरून निघताना तीनदा वाटलं होतं. जेलने दिलेलं नवं धोतर नेसून, लहानसं गाठोडं मांडीवर घेऊन तो बसला होता. मला बघून उठला.

"ह्या वेळी माझं नाव घेतलं नाहीस," मी म्हणाले. दुसरं काहीतरी बोलायचं होतं, तोंडातून हे आलं.

"नाई घेतलं."

"मग तो शब्द कुणाचा होता?"

त्याने जरा विचार केला, पहिल्या वेळी केला होता तसा. "कोनाचाच नाई, बाई. तिथी तसाच चालते."

ड्रायव्हर बॉनेट उघडून इंजिनात पाणी घालत होता. लोक छपरावर पोती चढवत होते. त्याने गाठोडं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"आधी पोरीच्या गावाले जातो. लई दूर हाये म्हनतात, इंद्रावतीच्या अल्याड. घरी मग जाईन." मग माझ्याकडे नीट बघून त्याने विचारलं, "तुम्ही पाह्यली तिले. मी वळखीन का?"

"ओळखशील की," मी लगेच म्हणाले. "का नाही ओळखणार? तुझीच पोर."

तो हसला नाही. चिडलाही नाही. साहेब कैद्याकडे बघायचे तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

"हे खरं, बाई, का मंडळातलं?"

कंडक्टरने घंटा वाजवली. मोटार हलायला लागली होती आणि मला, जिला कधी थांबता येत नाही, तिथून हलता येईना.

"मंडळातलं," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, हात जोडले आणि गाठोडं उचलून पळत जाऊन मोटारीत चढला.