दुखतं कुठे, मास्तरबाई?

शिवणाच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे मास्तरबाई म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध सातवीत सुटला तो सुटलाच. पण कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, मग कापणारी बाई असेल तर आणखी काय म्हणणार? कारखाना म्हणजे एक लांबलचक हॉल, तीस शिलाई मशिनं, आणि मधोमध खाटेच्या दुप्पट रुंदीचं कटिंगचं टेबल. त्यावर पांढऱ्या कापडाचे चाळीस थर अंथरायचे, वर खडूने माप आखायचं आणि विजेची सुरी रेषेवरून लोटत न्यायची. कापायचे काय, तर डॉक्टरांचे कोट. एकवीस वर्षं ते टेबल मास्तरबाईंचं होतं. कुणी त्यावर चहाचा कप जरी टेकवला तरी त्यांचा आवाज तिसाव्या मशिनपर्यंत पोचायचा.

मग पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पोटावर चार बारीक भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. "सुटले बाई एकदाची," म्हणत त्या महिन्याने कामावर आल्या, टेबलावर ओणव्या झाल्या, सुरी लोटली, आणि उजव्या बरगडीखालून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सुरी रेष सोडून गेली. चाळीस कोटांच्या चाळीस बाह्या एका झटक्यात वाया!

आता पित्ताची पिशवीच काढून टाकली तर दुखायला उरलंय काय? हा प्रश्न शेजारणीपासून जावेपर्यंत सगळ्यांनी विचारला, जसं काही मास्तरबाई मुद्दाम दुखवून घेत होत्या. ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी मात्र नीट ऐकून घेतलं. "कधी कधी एखादा खडा पित्ताच्या नळीत मागे राहतो," ते म्हणाले. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, मग एमआरआयच्या त्या धडधडणाऱ्या बोगद्यात घालूनही पाहिलं. नळी स्वच्छ. नळीच्या तोंडाशी झडप असते, ती आवळते का तेही पाहिलं. ती बिचारी आपलं काम करत होती. दुसरे म्हणाले, पिशवी नसली की पित्त सरळ आतड्यात उतरतं, त्याने पोट बिघडतं. त्यांची पावडर महिनाभर घेतली. पण मास्तरबाईंचं पोट बिघडलेलंच नव्हतं, ते पावडरने बिघडलं. तिसऱ्यांनी अल्सर असेल म्हणून घशातून नळी घातली. आत सगळं गुलाबी, छान. चौथ्यांनी आतडी एकमेकांना चिकटली असतील म्हटलं, आणि जाता जाता विचारलं, "घरी काही टेन्शन?"

झालं! तो एक शब्द घरात शिरला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला.

नवरा साधा माणूस, पोस्टात पत्रं लावण्यात उभी हयात गेलेली. अकरा महिने तो त्यांच्याबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसला होता, गरम पाण्याची पिशवी भरून देत होता. पण एक दिवस मास्तरबाई आंघोळ करून बाहेर येत होत्या आणि तो फोनवर लेकीला सांगत होता, "सगळे रिपोर्ट चांगले आहेत गं. आईचं आता मनाचंच आहे." मास्तरबाई दारातच थबकल्या. बरगडीखालची कळ परवडली, ही नको, असं झालं त्यांना. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि नवऱ्याला वाटलं, पोटच दुखत असेल.

कारखान्यात तर मालकीणबाईंनी तोंडावर सांगितलं. "मास्तरबाई, मी अकरा महिने दम धरला. तू दहा मिनिटं कापतेस आणि वीस मिनिटं बसतेस. एक तारखेपासून काजं-बटणांकडे बस. खुर्ची आहे, गादी घालून देते." आवाजात दया होती, तीच जास्त झोंबली. एकवीस वर्षं ज्या टेबलावर राज्य केलं ते सोडून आता बटणं चाचपत बसायचं! एक तारखेला सोळा दिवस उरले होते.

नवऱ्याने पुन्हा नंबर लावला. "शेवटचं," तो म्हणाला. या वेळी एक तरुण डॉक्टरीण होती. अकरा महिन्यांचे कागद तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, तेही मान वर न करता. पाचव्या मिनिटालाच मास्तरबाईंचं लक्ष कागदांवरून उडालं. तपासणीच्या टेबलावर आडव्या पडल्या पडल्या त्या डॉक्टरणीचा कोट बघत होत्या. पान उलटायला हात पुढे गेला की कोट खांद्याशी ओढला जात होता आणि पोरगी दर वेळी खांदा झटकत होती.

शेवटी त्यांना राहवेना. "डॉक्टर, कोट काचतोय तुम्हाला."

"हो ना मावशी! इथे सगळीकडेच," डॉक्टरणीने आख्ख्या खांद्यावरून तळवा फिरवला.

"सगळीकडे काचत नसतं हो! कपडा एका टाक्याला काचतो आणि माणूस म्हणतो आख्खा कोट वाईट. असा हात फिरवू नका. बोट ठेवा. एक बोट."

डॉक्टरीण हसली. पण मास्तरबाईंचा आवाजच असा की माणूस ऐकतो. तिने बोट ठेवलं, काखेच्या वर, शिवणीच्या वळणावर. "इथे."

"बघा! तिथे पाव इंच सोडला की झालं."

डॉक्टरणीचं हसू हळूहळू थांबलं. "मावशी," ती म्हणाली, "तुम्हाला कुठे दुखतं?"

मास्तरबाईंनी सवयीने पोटाच्या उजव्या बाजूवरून तळवा फिरवला. "इथे, सगळीकडे."

"असा हात फिरवू नका. बोट ठेवा."

अहो, काचतं म्हणणाऱ्या कितीतरी जणांना जिने बोट ठेवायला लावलं, त्या बाईने पाच दवाखान्यांत एकदाही स्वतःच्या पोटावर बोट ठेवलं नव्हतं! साडीचा पदर कशाला उगाच बाजूला करा, डॉक्टरांना काय शिकवायचं, म्हणून नुसता तळवा फिरवत राहिल्या. त्यांनी बोट पुढे केलं. ते क्षणभरही चाचपडलं नाही. बरगडीखाली ऑपरेशनचा बारीकसा वण होता, त्याच्या शेजारी बरोबर टेकलं.

डॉक्टरणीने त्याच जागी आपलं बोट दाबलं. "आता हात छातीवर घ्या आणि डोकं, खांदे उचला."

उचलले, आणि मास्तरबाई अशा किंचाळल्या की बाहेर बाकावरचा नवरा धावत आत आला.

"वाढलं ना?" डॉक्टरणीचे डोळे चमकत होते. "आतलं दुखणं असतं तर पोट घट्ट केल्यावर कमी झालं असतं, कारण स्नायू आडवे येतात. हे वाढलं. म्हणजे बहुतेक दुखणं आत नाहीच, पोटाच्या भिंतीत आहे. वणाजवळ एक नस अडकली असावी. तुम्ही ओणव्या झालात की ती चिमटते. आतलं सगळं आधीच्यांनी नीट तपासलंय, ते बरंच झालं. आता तिथे बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघू. थांबलं तर चोर सापडला."

इंजेक्शन त्याच टेबलावर दिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. "उठा बघू," डॉक्टरीण म्हणाली.

अकरा महिने मास्तरबाई आधी कुशीवर वळायच्या, मग कोपर टेकायच्या, मग कण्हत उठायच्या. आजही त्या वळायला लागल्या, थांबल्या, आणि सरळ उठून बसल्या. पुन्हा आडव्या झाल्या. पुन्हा उठल्या. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा! डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, पुरे!" पण ऐकतंय कोण?

नवरा भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मी तुला मनाचं म्हणालो गं."

"माहीत आहे मला. ऐकलंय मी," मास्तरबाई म्हणाल्या. "रडताय कशाला? फोन लावा. ज्या ज्या माणसाला म्हणालात, त्या सगळ्यांना लावा."

आणि त्याने लावले, हं! लेकीला, जावेला, शेजारणीला. दवाखान्याच्या पायरीवर बसून, एकेकाला. "तिचं खरं होतं. चूक माझी," प्रत्येकाला हेच, आणि दर वेळी आवाज थोडा आणखी मोठा. मास्तरबाई शेजारी बसून ऐकत होत्या. एक जण उचलत नव्हता तर म्हणाल्या, "पुन्हा लावा."

औषधाचा अंमल उतरल्यावर कळ परत आली, पण अर्धीच. दहा दिवसांनी दुसरं इंजेक्शन झालं, बरोबर चालण्या-वाकण्याचे व्यायाम. "ताप आला, डोळे पिवळे झाले तर ताबडतोब या, दर वेळी ही नसच असेल असं धरून बसू नका," डॉक्टरणीने बजावलं. तिचा कोट मास्तरबाई घरी घेऊन गेल्या आणि खांद्याला पाव इंच सोडून परत आणून दिला.

एक तारखेला त्या हॉलमध्ये शिरल्या तेव्हा बटणांच्या कोपऱ्यात गादी घातलेली खुर्ची तयार होती. त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "चाळीस थर," त्या म्हणाल्या.

"मास्तरबाई, उगाच हट्ट..." मालकीणबाई पुढे आल्या.

"एकदा कापू द्या. रेष चुकली तर मी स्वतः जाऊन बसते तिथे."

कापड अंथरलं गेलं. खडू फिरला. मास्तरबाईंनी सुरी धरली. टेबलाची कड पोटाला टेकली. त्या ओणव्या झाल्या, आणखी पुढे, हात पूर्ण लांब करून, जिथे अकरा महिने कळ दबा धरून बसायची त्या जागेपर्यंत. सुरी गुरगुरत गेली, वळणावर वळली, पलीकडच्या टोकाला पोचली.

मालकीणबाईंनी सगळ्यात वरची बाही उचलली, सगळ्यात खालची उचलली, एकीवर एक ठेवून उजेडात धरल्या. केसाचाही फरक नव्हता.

मास्तरबाई मात्र बाह्यांकडे बघतच नव्हत्या. त्या अजून तशाच ओणव्या होत्या, टेबलावर गाल टेकून. मग एकदम सरळ झाल्या आणि ओरडल्या, "नाही दुखलं! नाही दुखलं गं बायांनो!"

तीसच्या तीस मशिनं थांबली. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी डोळे पुसले. मालकीणबाई दोन्ही बाह्या हातात धरून उभ्या होत्या. "माझं चुकलंच, मास्तरबाई," त्या म्हणाल्या. "बरं, आज घरी जा, आराम कर. उद्यापासून..."

"उद्या कशाला?" मास्तरबाई म्हणाल्या. "आख्खा दिवस पडलाय. दुसरं कापड अंथरा."