दोन डॉक्टरांच्या गोळ्या

आमच्या पाड्यावर एक रीत आहे. एका भगताचं औषध चालू असताना दुसऱ्याकडे गेलात, तर पहिल्याचं नाव काढायचं नाही. भगत दुखावतो, औषध देताना हात आखडतो. पोशेऱ्याकडच्या डोंगरात मी म्हातारा झालो तो ही रीत पाळून. शाळा दुसरीपर्यंत, पण माणसाशी वागायचं कसं हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून डॉक्टरांनाही मी तीच रीत लावली.

माझ्या म्हातारीला भास व्हायचे. भर दुपारी म्हणायची, वरच्या माळावरून माणसं हाका मारतात, आणि निघून जायची. रानातून शोधून आणावी लागायची. मुलगा नाशिकला बांधकामावर आहे, त्याने तिथल्या डॉक्टरला दाखवलं. हाका थांबल्या. पुढे नाशिक लांब पडायला लागलं, म्हणून मी तिला जव्हारच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नाशिकचं बोललो नाही. बाईंनीही गोळ्या दिल्या: भासाची, त्या गोळीने हात कापतो त्याची, झोपेची. नाशिकच्या तशाच गोळ्या मुलगा पाठवतच होता. मी दोन्हीकडच्या देत राहिलो. दोन भगत म्हणजे गुण दुप्पट, असं माझं डोकं चाललं.

म्हातारी शांत झाली. जरा जास्तच. लग्नातली गाणी सगळी पाठ, पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवेना. धाकट्या लेकीचं बाळ मांडीवर घेऊन विचारायची, "कोणाचं गं हे?"

एकदा तिने कडूकंद केले. हे चिरून, राख घालून उकडायचे, मग टोपलीत भरून रातभर वाहत्या पाण्यात ठेवायचे. नाहीतर बाधतात. ताट पुढे ठेवून ती उभीच राहिली.

"म्हाताऱ्या, मी हे पाण्यात ठेवले होते का रं?"

तिचा चेहरा बघवेना. "ठेवले होतेस," म्हटलं, आणि खाल्ले. कडू जहर. दिवसभर ओकत होतो. ती माझी पाठ चोळत विचारत होती, "बाहेर काय खाल्लंस रं?"

सगळ्या गोळ्या ओहळात टाकायला निघालो, तर तिने मनगट धरलं. "टाकू नको. ती माणसं परत येतील." तिला विसरणं चालत होतं, हाका नको होत्या. मला दोन्ही नको होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही पिशव्या घेऊन तिच्यासोबत जीपमध्ये बसलो.

बाईंनी नाशिकची पिशवी टेबलावर उलटी केली. "बाबा, हे कधीपासून?"

"आधीपासून."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला राग आला असता."

"राग आत्ता आलाय!" मग त्यांनी आवाज खाली घेतला. म्हणाल्या, कापऱ्याची गोळी आणि झोपेची गोळी, या वयात दोन्ही एकत्र, त्यात दुप्पट, मेंदूत नवी गोष्ट रुजू देत नाहीत. जुनं जागेवर राहतं.

"म्हणजे भाताच्या आवणीसारखं," मी म्हटलं. "खाचरात पाणी जास्त झालं की आज लावलेलं रोप तरंगतं. आधीचं मूळ धरलेलं हलत नाही."

"तसंच. ते पाणी आपण हळूहळू काढू. एकदम बंद करायचं नाही. आणि तुमच्या मनाने तर काहीच नाही."

"बाई, चांगलं खडसावून सांगा," म्हातारी म्हणाली. "हा कोणाच्या बापाचं ऐकत नाय."

बाईंनी माझ्यासमोर नाशिकच्या डॉक्टरला फोन लावला. दोघं सरळ बोलले. कोणी दुखावलं नाही. खरं सांगतो, मला थोडं वाईटच वाटलं.

आता गोळ्या कमी झाल्यात. तिचा हात जास्त कापतो, म्हणून भाकरी मी थापतो. कडा फाटतात, ती हसते. गेलेले महिने काही परत आले नाहीत. ती माळाकडे बघत बसली की अजून मी हातातलं काम टाकून विचारतो.

"कोण हाका मारतं का गं?"

"कोण नाय. तूच मारतोस सारखा."

परवा मी म्हटलं, शेळ्यांना पाला टाकला.

"काल पण हेच म्हणालास," ती म्हणाली. "आणि काल पण टाकला नव्हतास."

"काल काय म्हणालो? परत सांग."

मग तिने मला कालचं सगळं सुनावलं, एकेक गोष्ट. शेळ्या ओरडत होत्या. मी उठलो नाही, ऐकत बसलो.