नुसता फ्लॅश

बुद्धभूषणचा जन्म धम्मदीक्षेनंतर दोन वर्षांनी झाला. बापाने, राजारामने, नाव ठेवताना गावात कुणाला विचारले नाही. शाळेत मास्तर हजेरी घेताना ते नाव अर्धेच घ्यायचे. पुढे तेच नाव पुरते, मोठ्या अक्षरांत, कोरेगावच्या बाजारपेठेत लागले. 'बुद्धभूषण फोटो स्टुडिओ'. पाटी चढली त्या दिवशी वस्तीतली माणसे ती बघायला चालत आली. ज्यांना वाचता येत नव्हते तेही आले. पेठेत दुकान टाकणारा तो वस्तीतला पहिलाच.

धंदा तो मिरजेत शिकला. स्टेशनसमोर बिराप्पांचा स्टुडिओ होता. तिथे सात वर्षे काढली. बिराप्पा रागावले की कानडीत बोलत आणि खूश झाले की गप्प बसत. अंधाऱ्या खोलीत हात कसे चालवायचे, पाण्यातला कागद कधी उचलायचा, निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून देवीचे वण कसे घालवायचे, हे सगळे त्यांनी दिले. त्यांनीच आणखी एक गोष्ट दिली.

फ्लॅशगनच्या पाठीला एक तांबडे बटण असते. फ्लॅश चालतो का ते बघण्यासाठी. ते दाबले की लख्ख उजेड पडतो. कॅमेरा मात्र गप्प असतो. फिल्मवर काही उमटत नाही.

"छत्तीस फोटू आनि तीनशे तोंडं," बिराप्पा म्हणाले. "न्हाई कुनाला म्हनायचं न्हाई. ज्येला पायजे त्येला नुसता फ्लॅश मारायचा. मानूस खूश, फिलिम शिल्लक."

बुद्धभूषणने तेही शिकून घेतले. पण सगळीकडे वापरले नाही. उसाच्या पट्ट्यातल्या मोठ्या घरांत तो हे करत नसे. तिथे हंबीररावांसारखी माणसे होती. अल्बम आला की ते चष्मा लावून एकेक पाहुणा शोधत. एखादा मेव्हणा नाही दिसला तर माणूस पाठवून बुद्धभूषणला बोलावून घेत. वस्तीत तसे कुणी नव्हते. वस्तीत तो आपला होता. आपल्या माणसाला कोण जाब विचारणार?

त्र्याण्णवच्या मे महिन्यात वस्तीतल्या अर्जुनाच्या बहिणीचे लग्न होते. बुद्धवंदना झाली, हार घातले, पंगती उठल्या. रोलमध्ये तीन फोटो उरले होते. ते पाठवणीसाठी ठेवले होते. एवढ्यात धोंडुबाई नवऱ्याचा हात धरून पुढे आली. नवरा केरबा बाजारातला हमाल. आयुष्यभर पोती वाहून मान एका बाजूला झुकलेली. दोघांचा मिळून एकही फोटो नव्हता.

"भूषण, आमचा एक काढ की रं."

"काडतो की काकी. व्हा हुभं."

"आवं, टोपी नीट करा," ती नवऱ्याला म्हणाली. मग स्वतःचा पदर सारखा केला. मंडपाच्या दारात नवरीची जीप हॉर्न वाजवत होती. बुद्धभूषण दाराकडे बघत म्हणाला, "हसा जरा." आणि अंगठ्याने तांबडे बटण दाबले.

दोघे डोळे चोळत बाजूला झाले. "लय उजेड हाय," केरबा म्हणाला.

पंधरा दिवसांनी धोंडुबाई दुकानात आली. फोटो सांगलीला धुवायला गेलाय, त्याने सांगितले. महिन्याने आली. तेव्हा लॅबवाला गावाला गेला होता. पावसाळ्यात रोल अडकला होता. दिवाळीत यंत्र बिघडले होते. ती कधी चिडली नाही. बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी पायरीवर टेकवायची आणि आत डोकावायची. "आला का रं?" त्याने मान हलवली की पाटी उचलून जायची.

शहाण्णवला केरबा गेला. त्यानंतरच्या बाजारी ती आली तेव्हा तिच्या कपाळावर काही नव्हते.

"आता तरी बघ बाबा. त्येंचं दुसरं काय न्हाई. मतदानाचं कारड हाय तेवढं. त्यात लय बारीक दिसत्यात."

"बघतो काकी. निगेटिव हाय. घावंल."

हे तो बोलून गेला. मग त्या दिवशी त्याने दुकान लवकर बंद केले. बायको स्वप्नाने विचारले, काय झाले? तो म्हणाला, डोके दुखतेय. तीन वर्षे त्याचे डोके प्रत्येक बाजारच्या दिवशी दुखत राहिले.

नव्याण्णवच्या फेब्रुवारीत सांगलीच्या लॅबवाल्याने आसपासच्या फोटोग्राफरांना बोलावले. पुण्याहून एक माणूस नवा कॅमेरा घेऊन येणार होता. फिल्म न लागणारा. बुद्धभूषण सकाळच्या पॅसेंजरने गेला. हॉलमध्ये साठ-सत्तर जण होते. पुण्याच्या माणसाने पहिल्या रांगेचा फोटो काढला आणि कॅमेरा उलटा करून दाखवला. मागे काडेपेटीएवढा पडदा होता. त्यात सगळे बसले होते. पिकल्या मिशांची माणसे स्वतःला बघून पोरांसारखी खिदळली.

मागून तासगावचा शिवतेज ओरडला, "आवं सायेब, ह्यात नुसता फ्लॅश मारायची सोय हाय का?"

हॉलमध्ये हशा फुटला. हसून हसून एकाच्या डोळ्यांत पाणी आले. पुण्याच्या माणसाला कळेना. कुणीतरी त्याला सांगितले. मग तोही हसला.

"ते विसरा आता. पब्लिक लगेच म्हणणार, दाखवा."

"मेलो की मग!" शिवतेज म्हणाला. पुन्हा हशा.

बुद्धभूषणही हसत होता. हसता हसता त्याने आजूबाजूला बघितले. इतकी वर्षे त्याला वाटत होते, बिराप्पांखेरीज हे आपण एकटेच करतो. इथे हॉल भरला होता. त्यामुळे त्याला हलके वाटायला हवे होते. वाटले नाही. त्याला तोंडे आठवू लागली. टोपी नीट करणारी. पदर सावरणारी. लेकराचे नाक पुसून त्याला पुढे धरणारी.

लॅबच्या मागच्या खोलीत नीलिमा नावाची मुलगी कॉम्प्युटरवर बसायची. लग्नाला न आलेल्या एका भावाला ती करवल्यांच्या शेजारी उभे करत होती. बुद्धभूषण तिच्या खुर्चीमागे बराच वेळ थांबला.

"कुणालाबी कुणाशेजारी आणता येतं?"

"कुणालाही, दादा. फक्त तोंड पाहिजे."

पुढच्या बाजारी त्याने धोंडुबाईकडून केरबाचे मतदानाचे कार्ड मागून घेतले. निगेटिव्ह सापडली, पण काकांच्या तोंडावर बुरशी धरलीय, म्हणाला. धोंडुबाईने चोळीत ठेवलेले पाकीट काढले आणि प्लॅस्टिकमधले कार्ड दोन्ही हातांनी दिले.

तिचा स्वतःचा चेहरा मिळाला. त्याच लग्नातल्या एका फोटोत ती मागे उभी होती. कुंकू लावलेली, हसरी. नीलिमाने तिला अलगद सोडवून घेतले. केरबाचे डोके कार्डावरून आले. राखाडी, धुरकट. तिने दोघांना एका रंगात आणले.

"आजोबांचं धड कुणाचं लावू?"

बुद्धभूषणने पिशवी उघडली. घरून येताना त्याने पांढरा सदरा आणि लेंगा आणला होता. कपडे बदलून तो भिंतीशी उभा राहिला. नीलिमाने लॅबचा नवा कॅमेरा घेतला.

"जरा वाका, दादा. म्हातारी माणसं इतकी ताठ नसतात."

तो वाकला.

फोटो झकास झाला. फ्रेम करून त्याने स्वतः वस्तीत नेऊन दिला. धोंडुबाईने काच पदराने पुसली. काच स्वच्छच होती. मग तिने सदऱ्यातल्या हातावर बोट फिरवले. बराच वेळ. बुद्धभूषणने आपला हात पाठीमागे नेला.

"किती जपलंस रं माज्या सोन्या," ती म्हणाली. "सा वर्सं."

चहा ठेवते म्हणाली, पण तो थांबला नाही.

आठवड्याने बाजार होता. दुपारी दुकानात वस्तीतली सहा-सात माणसे एकदम आली. पुढे हरणाबाई, मागे अर्जुना. सगळ्यांच्या मध्ये धोंडुबाई. ती फोटो काढायच्या स्टुलावर जाऊन ऐटीत बसली.

"हिचा सा वर्सानं घावला," हरणाबाई म्हणाली. "माजाबी बघ की. थोरल्या नातीला मांडीवर घेऊन काढलावतास. आता तिला पोर झालं."

"आमचा बा गेला तवा पुण्यानुमोदनाला काढलेला," अर्जुना म्हणाला. "आईचा. आई पन गेली, दादा."

"समद्यांचं ठिवलंय त्येनं," धोंडुबाई म्हणाली. "कपाटात हाय बघा. माजा भूषण काय टाकून देनारा न्हाई."

बुद्धभूषणने कपाट उघडले. निगेटिव्हचे डबे ओळीने होते. पाठ फिरवून तो उगाच डबे चाळत राहिला. बुरशी. पाणी शिरले. उंदीर. तीन खोटी कारणे जिभेवर तयार होती. मागे धोंडुबाई सांगत होती, "रोज सकाळी आंगोळ झाली की आदी त्येंच्या पाया पडते. मग चहा."

त्याने डबा खाली ठेवला.

"काकी, पाया नका पडू."

"का रं?"

"ते काका न्हाईत. तोंड तेवढं काकांचं हाय. कारडावरचं. खालचा मी हाय."

धोंडुबाईने त्याच्या तोंडाकडे बघितले. मग त्याच्या पायांकडे.

"मंजी मी आट दिस तुज्या पाया पडत हुते?"

हरणाबाईला हसू फुटले. तिने तोंडावर हात दाबला. मग एकदम तिचे हसू गेले. "आनि माजा?" तिने विचारले.

त्याने फ्लॅशगन उचलली. तांबडे बटण दाखवले आणि दाबले. उजेड पडला तशी हरणाबाईने सवयीने पदर सावरला.

"ह्यात फोटू येत न्हाई," तो म्हणाला. "नुसता फ्लॅश."

अर्जुनाने फ्लॅशगन त्याच्या हातातून घेतली. उलटसुलट करून बघितली.

"हंबीररावांच्या घरीबी आसंच करतोस?"

बुद्धभूषणने कपाटाचे दार लावले.

"बोल की."

"न्हाई."

"मंजी आमालाच."

बाहेर पाटीवर त्याचे नाव होते. ती बघायला जी माणसे चालत आली होती, त्यांतली काही समोर होती. अर्जुनाने शिवी दिली असती तर बरे झाले असते. त्याने फ्लॅशगन काउंटरवर हळूच ठेवली. दुसऱ्याची वस्तू ठेवावी तशी.

धोंडुबाई स्टुलावरून उठली नव्हती. तिने विचारले, "त्या दिवशी हुभं राहिलो तवा कसं दिसत हुतं रं म्हातारं?"

निदान एवढे तरी त्याला सांगता आले पाहिजे होते. त्याने आठवून बघितले. मंडप आठवला. जीप आठवली.

"मी कॅमेऱ्याला डोळा लावला नव्हता, काकी. दाराकडं बघत हुतो."

"आसं व्हय," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू येईल असे, पण त्याच्याकडे न बघता, सांगू लागली. "टोपी सारकी करून दिली तर मला म्हनले, गप गं, लोक बघत्यात. आनि माजा हात सोडला. मग तू हसा म्हनलास तवा परत धरला. फोटूत येईल म्हनून धरला. एरवी कवा धरला नसता."

माणसे एकेक करून पायरी उतरली. धोंडुबाई शेवटी उठली.

"फोटू परत घेऊ का, काकी?" त्याने विचारले.

"का? मी खरी हाय की त्यात. तोंड त्येंचं खरं हाय. तुला तेवढा त्यातनं काडाया लाव."

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या दारातून फ्रेम घेतली. धोंडुबाई आतच होती, सुनेने फ्रेम आणून दिली. तो पॅसेंजरने सांगलीला गेला. नीलिमाने विचारले, काय चुकले? त्याने सांगितले. मधे थांबत, पण सगळे सांगितले. ऐकताना ती मुलगी पडद्याकडेच बघत होती. तिने त्याच्याकडे मान वळवली नाही.

"मग त्या जागी काय भरू?" तिने विचारले. आज ती दादा म्हणाली नाही.

"काय नको. पांढरं राहू दे."

तो फोटो धोंडुबाईच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लागला आहे. हसरी, कुंकू लावलेली बाई. तिच्या शेजारी, खांद्याच्या उंचीवर, टोपी घातलेले एक धुरकट डोके. त्याखाली माणसाएवढी पांढरी जागा. नवीन कुणी घरात आले की हमखास विचारतो, हे असे का? धोंडुबाई बसवून घेते, पाणी देते आणि सगळे सांगते. वाढवून सांगत नाही. बुद्धभूषणचे नाव मात्र पुरते घेते.